हवेची गन नट सोडवेना, घड्याळ मात्र ९० दाखवतंय

अर्धाइंची
नमस्कार मंडळी. अर्ध्या इंची ड्राइव्हची इम्पॅक्ट गन आहे. पूर्वी चाकाचे नट चुटकीसरशी सोडवायची, आता नुसती टकटक करत बसते. रिकामी फिरवली तर आवाज छान, वेगही ठीक वाटतो. नटावर टेकवली की दम संपला. शेवटी लांब पाना लावून अंगाचं वजन टाकावं लागतं. रेग्युलेटरच्या (दाब ठरवणाऱ्या झडपेच्या) घड्याळावर ९० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच), टाकीत त्याहून जास्त. तेलही घालतो. गन उघडावी, की नवी बघावी? आणि विषय निघालाच आहे तर हवेवर चालणाऱ्या बाकी हत्यारांबद्दलही लिहा. ग्राइंडर, रॅचेट, खिळ्यांची गन, सगळं चालेल.

हवाबाण
गनच्या मागची ताकद कमी-जास्त करायची चकती १ वर नाही ना? रागावू नका, हे विचारावंच लागतं.

अर्धाइंची
नाही हो, पूर्ण उघडी आहे. सुलट-उलट दोन्हीकडे तीच रड.

दाबमापी
९० कुठल्या घड्याळावर, आणि गन चालू असताना की बंद असताना? मेख तिथे आहे. हवा वाहत नसते तेव्हा रेग्युलेटरपासून गनच्या तोंडापर्यंत दाब सगळीकडे सारखाच असतो. मधला पाइप कितीही बारीक असो, काटा ९०च दाखवणार. ट्रिगर दाबला की पाइपचा प्रत्येक मीटर, प्रत्येक कपलर (जोड) आणि प्रत्येक एल्बो (वळण) थोडा थोडा दाब खातो. रेग्युलेटर छोटा असेल तर त्याचाही काटा खाली येतो. गनच्या माहितीपत्रकात ९० पीएसआय (६.२ बार, घड्याळ किलो प्रति चौरस सेंटिमीटरवालं असेल तर ६.३) लिहिलेलं असतं ते गनच्या तोंडाशी, आणि गन चालू असतानाचं.

तपासायचं असं. गनच्या तोंडाशी एक टी जोडा, त्यावर छोटा गेज बसवा. ट्रिगर दोन-तीन सेकंद पूर्ण दाबा आणि काटा कुठे स्थिरावतो ते बघा. ८५ च्या वर राहिला तर दोष गनमध्ये. ६० च्या घरात गेला तर गनला हात लावू नका, मागे शोधा. रिकामी फिरताना आवाज चांगला येतो हा पुरावा धरू नका. बिनभाराची गन कमी दाबावरही झकास ओरडते.

पाइपचा आतला व्यास किती आहे? ६ मिमी असेल तर तिथेच उत्तर मिळालं समजा. १० मिमी पाइपचं आतलं क्षेत्रफळ ६ मिमीच्या जवळजवळ पावणेतीनपट असतं. अर्ध्या इंची गनला निदान १० मिमी हवाच. आणि तो स्प्रिंगसारखा गुंडाळलेला पाइप दिसायला सुटसुटीत, पण आतून बारीक आणि सरळ केला तर भलताच लांब असतो.

तैलबुद्धी
दाबमापी, सिद्धांत मान्य. पण धागाकर्ते म्हणताहेत की *पूर्वी* चालायची. पाइप तोच, कपलर तेच, तर ते आपोआप बारीक झाले का? झिजतं ते गनच्या आत. माझं मत, सरळ उघडा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आत एक गोल नळकांडं असतं आणि त्यात मध्यापासून थोडा सरकवून बसवलेला रोटर. रोटरला उभ्या खाचा, प्रत्येक खाचेत एक पातळ पाती. रोटर फिरला की पात्या बाहेर फेकल्या जातात आणि नळकांड्याच्या भिंतीला टेकून सरकत राहतात. पातीची कड झिजली किंवा तिचा टवका उडाला की हवा काम न करताच पलीकडे निसटते. पुढे हातोड्याची यंत्रणा असते. तो आधी वेग घेतो आणि मग ॲन्व्हिलवर (ज्याच्या चौकोनी टोकावर गोटी बसते त्या दांड्यावर) ठोका मारतो. नट सोडवणारी ताकद त्या वेगातून येते, म्हणून तर एवढा जोर लागूनही मनगट पिरगळत नाही. मोटर अशक्त झाली की हातोडा पुरेसा वेग घेत नाही. टकटक होते, नट हलत नाही. तुमचं लक्षण हुबेहूब हेच आहे.

दाबमापी
पाइप आपोआप बारीक होत नाही? होतो की. जुन्या रबरी पाइपचं आतलं अस्तर सुटून फुगतं, बाहेरून काहीच दिसत नाही. गाडीचं चाक वरून गेलं तरी आत कायमची चपट पडते. कपलरच्या आतली झडप अर्धीच उघडायला लागते. आणि कॉम्प्रेसर म्हातारा होतो तो वेगळाच.

जुनाबोल्ट
दोघेही बरोबर आहात, भांडण पुढे कधीतरी. माझा नियम एकच. ज्या तपासणीला हत्यार उघडावं लागत नाही ती आधी.

पहिलं म्हणजे गोटी (सॉकेट). अर्धाइंची, तुमच्या गोटीचा चौकोन आणि गनचा चौकोन हातात धरून हलवून बघा. खडखड वाजत असेल, कडा गोल झाल्या असतील, तर प्रत्येक ठोक्याचा निम्मा जोर त्या फटीत जिरतो. मध्ये एक्स्टेन्शन रॉड लावता का? लांब रॉड प्रत्येक ठोक्याला थोडा पिळतो आणि परत सुटतो, नटापर्यंत उरतं थोडंच. रॉड काढा, इम्पॅक्टची जाड काळी गोटी थेट लावा आणि मग बोला. चकचकीत क्रोमच्या गोट्या गनला कधीच लावू नयेत. त्या हातपान्यासाठी कडक केलेल्या असतात. ठोक्याने तडकल्या की तुकडे डोळ्याच्या दिशेने येतात.

दुसरं म्हणजे हवा जिथून आत शिरते ती जाळी. हवा बंद करा, पाइप मोकळा करा, गनच्या तोंडाचा निपल काढा. त्याच्या मागे बोटाच्या नखाएवढी बारीक जाळी असते, निदान बऱ्याच गनमध्ये. उजेडाकडे धरून बघा. गंजाची तांबडी पूड, पाइपच्या रबराचा भुसा आणि टेफ्लॉन टेपचे पांढरे तंतू यांचा गोळा तिथे हमखास सापडतो. टेप निपलच्या टोकापर्यंत गुंडाळली की पहिला आटा ती कापतो आणि तुकडे आत जातात. पहिले एक-दोन आटे मोकळे सोडूनच टेप गुंडाळायची.

तिसरं, एक्झॉस्टचा सायलेन्सर. तो तेल-धुळीने बुजला तर हवा आत येते पण बाहेर पडत नाही. काढून क्षणभर चालवा (कानात बोळे घालून). फरक पडला तर धुवा किंवा बदला.

एवढं झाल्यावर दाबमापींचा टी. तेही झालं की मग तैलबुद्धींचा पाना.

हवाबाण
काका आले, धाग्याला वजन आलं. वाचनखूण साठवली.

अर्धाइंची
धन्यवाद जुनाबोल्ट काका. टी आणि गेज मिळवतो. तोपर्यंत एक प्रश्न, तेल नक्की कोणतं? मी आत्तापर्यंत डब्यातलं जे हाताला लागेल ते घालत आलोय.

नळकांडे
डब्ल्यूडी-४० मारा, सगळं सुरळीत होतं. अनुभव आहे.

तैलबुद्धी
झालं. आता मला झोप लागणार नाही.

नळकांडेभाऊ, ते मारल्यावर गन पळते कारण आतला चिकटा विरघळतो. पण त्यातला बहुतेक भाग पातळ द्रावक. तो चिकट्याबरोबर असलेलं तेलही धुऊन नेतो आणि स्वतः उडून जातो. मागे राहतात कोरड्या पात्या. धुण्यासाठी वापरायचं तर वापरा, पण लगेच खरं तेल घाला.

एअर टूलचं तेल म्हणून मिळतं ते पातळ असतं, आयएसओ व्हीजी (तेलाच्या जाडीचा क्रमांक) २२ किंवा ३२ च्या आसपास. इंजिन ऑइल घालू नका. ते जाड, पात्या खाचेतच चिकटून बसतात, शिवाय त्यातली साबणासारखी मिश्रणं ओ-रिंगांना मानवतीलच असं नाही. काम सुरू करण्याआधी गनच्या तोंडात चार-पाच थेंब, पाइप जोडायचा, क्षणभर चालवायची. दिवसभर काम असेल तर मधे पुन्हा. काम संपल्यावर ठेवून देतानाही थेंब टाकून एकदा फिरवायची. ही शेवटची पायरी सगळे टाळतात आणि गंज नेमका रात्रीच चढतो. एक्झॉस्टमधून तेल घालू नका, ते पात्यांपर्यंत पोचत नाही.

इम्पॅक्टच्या हातोड्याचं वंगण वेगळं असतं हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. तोंडातून घातलेलं तेल मोटरपुरतं. पुढच्या भागात काही गनना ग्रीस लागतं, काहींना तेल. बाजूला छोटा निपल किंवा स्क्रू असेल तर तो त्यासाठीच. माहितीपत्रकात दिलेलं असतं तेच भरा, आणि ठासून भरू नका. ग्रीसमध्ये रुतलेला हातोडा काय ठोका मारणार!

नळकांडे
बरं बाबा. पण माझी गन अजून चालते :)

रंगारी
तेलवाल्यांनो, एक विनंती. लाइनवर ल्युब्रिकेटर बसवाल तेव्हा आम्हा रंगवाल्यांची आठवण ठेवा. एफआरएलमधून (फिल्टर, रेग्युलेटर आणि ल्युब्रिकेटरच्या संचातून) तेलाचे थेंब जाणाऱ्या लाइनवर स्प्रे गन जोडली की रंगावर माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. घासा, पुसा, पुन्हा रंगवा. आणि तो पाइप नंतर वेगळ्या लाइनवर नेला तरी आतलं तेल बराच काळ येत राहतं. ल्युब्रिकेटरच्या *आधी* वेगळा फाटा काढायचा आणि रंगाचा पाइप कायमचा वेगळा ठेवायचा. त्यावर खूण करा, नाहीतर कोणीतरी ग्राइंडरला लावतोच.

आणि दाब मोजायचा म्हणाल तर एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाब) स्प्रे गनच्या हवेच्या टोपीवर जास्तीत जास्त १० पीएसआय असतात. लोक ६० ठेवतात आणि रंग धुक्यात घालवतात.

फिरकी
रंगारी, तेलाचं सोडा, माझ्या ग्राइंडरमधून पाणी उडतं. अक्षरशः तुषार. टाकीला फिल्टर लावलाय तरी.

दाबमापी
फिल्टर टाकीच्या अगदी जवळ आहे का? मग तो काही पकडणार नाही. तिथे हवा अजून गरम असते, पाणी वाफेच्या रूपात आरामात पलीकडे जातं. पुढे पाइपमध्ये गार होतं आणि थेंब बनतात. फिल्टर शक्य तितका लांब, हत्याराजवळ लावा.

पाणी किती असतं याचा हिशोब एकदा करून बघण्यासारखा आहे. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते. आर्द्रता ७० टक्के धरली तर साधारण २१ ग्रॅम. टाकीत ७ बार दाब म्हणजे बाहेरची आठ घनमीटर हवा एका घनमीटरमध्ये कोंबलेली. तिच्यासोबत आलं जवळजवळ १७० ग्रॅम पाणी. हवा गार होऊन पुन्हा ३० अंशांवर आली की त्या एका घनमीटरमध्ये वाफ मावणार ३० ग्रॅमच. उरलेलं १४० ग्रॅम पाणी कुठेतरी जाणारच: टाकीच्या तळाशी, पाइपात, नाहीतर तुमच्या ग्राइंडरच्या बेअरिंगमध्ये.

फिरकी
बापरे. म्हणजे टाकीचा खालचा कॉक उघडायचा असतो तो याच्यासाठी? मला वाटायचं टाकी रिकामी करायला दिलाय.

जुनाबोल्ट
रोज उघडायचा. टाकीत थोडा दाब असताना हळूच, म्हणजे पाणी ढकललं जातं. बाहेर येतं ते कॉफीच्या रंगाचं असेल तर आत गंज चढलाय. टाकीचा तळ आतून खायला लागला की बाहेरून काही कळत नाही, म्हणून टाकीची ठरावीक काळाने तपासणी लागते. खालून पाझर दिसला तर टाकी बाद. वेल्डिंगचा डाग मारून पुन्हा वापरणारे पाहिलेत, त्यांच्या शेजारी मी उभा राहत नाही.

कायमची लाइन टाकली असेल तर मुख्य पाइपला थोडा उतार द्या, मीटरला एक सेंटिमीटर पुरे. हत्याराचा फाटा मुख्य पाइपच्या *वरच्या* बाजूने काढून वळवून खाली आणायचा. पाणी तळाशी वाहत पुढे जातं आणि शेवटच्या उभ्या नळीत साठतं, तिथे कॉक ठेवायचा.

नळकांडे
मी पांढरा पीव्हीसी पाइप टाकलाय, कित्येक वर्षं झाली, मस्त चालतोय. गंजतही नाही.

ठिणगी
नळकांडे, कृपया काढा तो. थट्टा करत नाहीये. पाण्याच्या दाबाने पीव्हीसी फुटला तर चीर पडते, पाणी वाहतं, संपलं. पाणी दबत नाही म्हणून त्यात साठवलेली ऊर्जा नगण्य. हवा दबलेली असते. पाइप फुटला की ती एकदम पसरते आणि पीव्हीसीचे अणकुचीदार तुकडे बंदुकीसारखे उडतात. उन्हाने, तेलाने, वयाने तो आणखी ठिसूळ होतो. अमेरिकेतल्या ओशाने (कामगार सुरक्षा खात्याने) १९८८ सालीच यावर धोक्याची सूचना काढली होती. लोखंड, तांबं, ॲल्युमिनियम किंवा खास हवेसाठी बनवलेलं प्लॅस्टिक, काहीही चालेल.

नळकांडे
हं. "कित्येक वर्षं" हा मुद्दा तुम्ही उलटा वाचलात तर. बघतो.

रंधा
सुताराची बाजू कोणी मांडतच नाहीये. माझी ब्रॅड गन (बारीक खिळ्यांची) खिळा मारल्यावर तो ठोकणारं पातं वर घेत नाही. दुसऱ्यांदा ट्रिगर दाबला की नुसता फुसका आवाज.

तैलबुद्धी
पिस्टनची ओ-रिंग कोरडी झालीय किंवा खालचा रबरी बंपर तुटलाय. आधी थेंब टाकून बघा. तेवढ्याने न झालं तर ओ-रिंग-बंपरचं किट.

हवा कुठून गळते त्यावरून दोष ओळखता येतो. ट्रिगरपाशी गळत असेल तर ट्रिगर व्हॉल्व्हची ओ-रिंग. गन नुसती जोडून ठेवल्यावर वरच्या एक्झॉस्टमधून सूं करत असेल तर हेड व्हॉल्व्ह. टोपीच्या कडेने येत असेल तर आधी स्क्रू आवळा, मग गॅस्केट. खिळा मारताना नाकातून येत असेल तर बंपर किंवा पिस्टन. काही गनांवर 'तेल घालू नका' लिहिलेलं असतं, ते खरंच पाळायचं.

ठिणगी
आणि रंधा, अडकलेला खिळा काढताना पाइप *आधी* सोडवायचा. ट्रिगरवरून बोट काढलं म्हणजे झालं असं नाही. हवा संपली म्हणून ऑक्सिजनचा किंवा दुसऱ्या कुठल्या वायूचा सिलिंडर जोडायचं तर मनातही आणू नका. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो.

रंधा
थेंबांनी पातं वर यायला लागलं, तात्पुरतं तरी. किट मागवतो.

हवाबाण
माझा कॉम्प्रेसर बंद झाल्यावर प्रेशर स्विचपाशी बराच वेळ सूं सूं करतो आणि पुन्हा सुरू होताना नुसता गुरगुरतो, फिरत नाही. स्विच बदलू?

जुनाबोल्ट
थांबा, स्विच निर्दोष असण्याची शक्यता जास्त. बंद होताना एकदाच 'फुस्स' होणं ठीक. डोक्यावर अडकलेली हवा तो सोडून देतो, म्हणजे पुढच्या वेळी मोटरला दाबाविरुद्ध उठावं लागत नाही. ती सूं सूं थांबतच नसेल तर टाकीतली हवा उलटी येतेय, म्हणजे टाकीच्या तोंडाशी असलेली एकमार्गी झडप, एनआरव्ही, नीट बसत नाही. टाकी *पूर्ण रिकामी* करा, ती उघडा, आतल्या चकतीवर कार्बनचा किटण असेल, साफ करा किंवा बदला. गुरगुरणंही बहुधा त्यानेच थांबेल. तरीही थांबलं नाही तर कपॅसिटर बघा, आणि लांब बारीक वायरवर कॉम्प्रेसर चालवताय का तेही. वायर लांबवण्यापेक्षा हवेचा पाइप लांबवावा, जाड घेऊन.

कॉम्प्रेसर हवा भरायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ घेत असेल तर इनटेकच्या फिल्टरवर तळहात धरा. ओढ लागायला हवी. उलट हातावर फुंकर येत असेल तर आतल्या रीडची (झडपेची) पट्टी तुटलीय. आधी तो फिल्टर तरी साफ करा, तिथे भुशाची गादी झालेली असते.

दाबमापी
आणि गळती. रात्री टाकी भरून, टाकीतून लाइनीकडे जाणारा कॉक (खालचा पाण्याचा नव्हे) बंद करून जा. सकाळी दाब टिकलेला असेल तर टाकी ठीक. मग दुसऱ्या रात्री तोच कॉक उघडा ठेवून तेच करा. फरक पडला तर गळती लाइनीत. साबणाचं पाणी लावत फिरा. १०० पीएसआयला ३ मिमीच्या छिद्रातून मिनिटाला २० घनफुटांहून जास्त हवा जाते. छोटा कॉम्प्रेसर एवढी हवा बनवतच नाही.

यावरून आठवलं, फिरकी. तुमच्या ग्राइंडरला आणि सँडरला सतत हवा लागते. इम्पॅक्ट टाकीतल्या साठ्यावर भागवून नेतो कारण तो काही सेकंदच चालतो. माहितीपत्रकावरचा 'सरासरी' सीएफएम (मिनिटाला घनफूट) आकडा बहुधा असंच थांबत थांबत काम धरून दिलेला असतो. कॉम्प्रेसरवरचा आकडाही बघून घ्या, तो पिस्टनच्या मापावरून काढलेल्या हवेचा आहे की प्रत्यक्ष मिळणाऱ्या. दुसरा नेहमीच कमी असतो.

फिरकी
म्हणजे माझा सँडर मिनिटभराने दमतो त्यात सँडरची चूक नाही. बिचाऱ्याला दोनदा उघडला.

ठिणगी
ग्राइंडरवाल्यांनी चाकावरचा आरपीएमही बघा. छोटा डाय ग्राइंडर २०,००० च्या वर फिरतो. चाकाची मर्यादा त्याहून जास्तच हवी. आणि बिनभाराचा घूं घूं करत धरून ठेवू नका, पात्या त्यानेच झिजतात.

हात बधिर होतात का कुणाचे? कंपनाने बोटं पांढरी पडायचा आजार खरा आहे आणि एकदा झाला की पूर्ण बरा होईलच असं नाही. युरोपच्या नियमात आठ तासांच्या सरासरीला २.५ मीटर प्रति सेकंद वर्गापासून उपाय करायला लावतात आणि ५ ही कमाल मर्यादा आहे. जुनं, झिजलेलं हत्यार जास्त थरथरतं. छिन्नीच्या हातोड्याला कपलर थेट न लावता मध्ये हातभर मऊ पाइप लावा. कपलरही टिकतो, मनगटही.

अर्धाइंची
आलो परत. गोटीचा खेळ कमी आहे, रॉड वापरत नाही. जाळी काढली. काका, तुम्ही लिहिलंय तसाच गोळा, वर पांढरे तंतू. साफ केली, थोडा फरक पडला. मग टी लावला. उभा दाब ९०, ट्रिगर दाबला की ५८.

दाबमापी, पाइप १० मिमीचाच आहे. पण मध्ये दोन कपलर जोडून लांबवलेला आहे, आणि एक कपलर हाताने दाबून बघितला तर आतली झडप तिरकी अडकते. तो काढून टाकला, पाइप एकसंध घेतला. आता ट्रिगर दाबून ८१.

नट सुटायला लागले. पण नवीनच तक्रार, किंवा आत्ता लक्षात आली म्हणा: ट्रिगर दाबल्यावर कधी कधी गन फिरतच नाही, हवा नुसती सूं करून जाते. चौकोन हाताने किंचित फिरवला की लगेच पळते.

तैलबुद्धी
चिकटलेली पाती! म्हटलं होतं ना. 'जे हाताला लागेल ते' तेल घट्ट झालंय, एखादी पाती खाचेतून बाहेर येत नाही. त्या बाजूला रोटर थांबला तर हवा सरळ पलीकडे. हाताने फिरवलं की दुसरी पाती तोंडाशी येते आणि गाडी चालू.

उघडायच्या आधी एकदा धुऊन बघा. तोंडात थोडं रॉकेल, चौकोन हाताने पुढे-मागे फिरवत राहा, तासभर तसंच ठेवा. मग कमी दाबावर, एक्झॉस्ट चिंध्यांनी झाकून, तोंड दुसरीकडे करून चालवा, आसपास ठिणगी (धाग्यावरची नव्हे) नको. काळं पाणी यायचं थांबलं की एअर टूल तेल भरपूर.

तरीही अडलं तर उघडा. मागची टोपी, गॅस्केट न फाडता. पात्या बाहेर काढण्याआधी कुठली कड बाहेर होती त्यावर खूण करा, बाहेरची कड गोलसर झिजलेली असते. बदलायच्या तर सगळ्या एकदम. दोन्ही बाजूंच्या चकत्यांवर ओरखडे बोटाला लागत असतील तर काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून आठाच्या आकारात घासा, हलक्या हाताने.

दाबमापी
८१ वर थांबू नका, रेग्युलेटर थोडा वाढवा. ट्रिगर दाबल्यावर गनच्या तोंडाशी ९० भरेपर्यंत चालतं, त्यापुढे नाही.

अर्धाइंची
रॉकेलने काम झालं. तपकिरी डिंकासारखं बरंच काही निघालं. आता पहिल्या ट्रिगरला पळते. पात्यांचं किट मागवून ठेवलंय, घाई नाही. सगळ्यांचे आभार. आता नट आवळायलाही हीच वापरतो.

जुनाबोल्ट
चाकाचे नट शेवटपर्यंत गनने आवळू नका. हाताने दोन-चार आटे लावा, गनने कमी ताकदीवर नुसते टेकवा, आणि शेवटचा आवळ टॉर्क पान्याने, समोरासमोरच्या क्रमाने. गनवर ठेवलेला आकडा हा टॉर्क नसतो. दाब, पाइप, गोटी, तेल, सगळ्यावर तो बदलतो, हे तुम्ही आत्ताच पाहिलंत.

हवाबाण
काका, एनआरव्ही साफ केली, सूं सूं बंद. पण सुरू होताना अजून एखादवेळी गुरगुरतो. कपॅसिटरकडे वळू ना?

जुनाबोल्ट
वळा. पण प्लग काढून, आणि कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरवून मगच हात लावा. टोपी फुगलेली दिसली तर मोजायचीही गरज नाही.